जंगलाकाठच्या होमस्टेचा कचरा : दिवस मावळायच्या आत
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

ताडोबा किंवा पेंचच्या वाटेवर वावरात चार खोल्या बांधून पाहुणे ठेवणाऱ्यांसाठी हे पत्रक. ओल्या कचऱ्याची टाकी बांधून देणं आणि सुका कचरा गाडीनं नेणं हे आमचं काम. उघड्यावर पडलेल्या खरकट्याच्या वासानं आधी गावची कुत्री येतात, रानडुकरं येतात, आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट अंगणापर्यंत येतो. सुका कचरा आठवडाभर पडून राहिला तरी चालतं. ओला एक रात्रही उघड्यावर ठेवू नका.

हिशेबाला आम्ही दर पाहुण्यामागे रोज अर्धा किलो ओला कचरा धरतो. दहा पाहुणे म्हणजे पाच किलो. त्यासाठी नाडेप टाकी, म्हणजे भोकं ठेवून बांधलेली विटांची खताची टाकी, बांधून देतो. ही पद्धत आपल्या पुसदच्या नाडेप काकांची. पण त्यांची दहा फुटी टाकी एक-दोन दिवसांत गच्च भरून लिंपायची असते. रोज थोडं थोडं येणाऱ्या खरकट्याला ती जमत नाही. म्हणून आम्ही चार फूट लांब, तीन रुंद, तीन उंच असे दोन कप्पे जोडून बांधतो. पूर्ण गर्दीतही एक कप्पा भरायला साधारण अडीच महिने लागतात. तो बंद करून दुसरा सुरू करा. दुसरा भरेपर्यंत पहिल्याचं खत होत आलेलं असतं.

टाकीऐवजी खड्डा मात्र खोदू नका. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, पावसाळ्यात खड्ड्याचं डबकं होतं. टाकी फूटभर ओट्यावर, वर टिनाचं छप्पर. विटांमधल्या भोकांना अर्ध्या इंचाची जाळी लावतो, कारण उंदीर शिरले की मागोमाग साप आलाच. वरचं लोखंडी जाळीचं झाकण कडी लावूनच ठेवायचं. नुसतं टेकवलेलं झाकण माकडं दोन दिवसांत उघडायला शिकतात.

तळाला वीतभर पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या. पहिल्या दिवशी दोन पाट्या शेण पाण्यात कालवून शिंपडा. पुढे रोज एक टोपलं ओलं टाकलं की त्यावर दोन टोपली कुटार (मळणीनंतरचा भुसा). धानाच्या पट्ट्यात असाल तर तणस, पण हातभर लांब नको, तोडून घाला. शेवटी मूठ-दोन मूठ माती भुरभुरली की माश्या बसत नाहीत. हे काम संध्याकाळी सहाच्या आत. रात्रीच्या जेवणाचं खरकटं रिंगच्या झाकणाच्या ड्रममध्ये, ड्रम स्वयंपाकघराच्या आत, आणि सकाळी टाकीत. स्वयंपाकाच्या मावशींना एवढं एक पक्कं सांगून ठेवा.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही: काठीनं उकरून कुटार वाढवा. मुंग्या लागल्या तर ढीग कोरडा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दोन दिवसांत ढीग वाळतो आणि कुजणं थांबतं. तेव्हा आतलं मूठभर घेऊन दाबा. बोटांना ओल लागावी, पाणी गळू नये. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या आपलंच काम करतात. संत्र्याच्या हंगामात सालांचा ढीग एकदम ओतला तर आंबटपणा चढतो. सालं फाडून, मूठभर राख मिसळून घाला.

सावजीचा उरलेला रस्सा आणि हाडं टाकीत अजिबात नकोत. त्यांच्यासाठी घरापासून आणि विहिरीपासून लांब, उंचवट्यावर तीन फूट खोल खड्डा, वर माती आणि फरशी. नुसती माती कुत्री उकरतात. उरलेला भात, पोळ्या गाईम्हशींना ढिगानं घालू नका, पोट फुगतं. भाजीचे देठ, साली खुशाल द्या, मात्र त्यात टूथपिक किंवा पिशवीचा तुकडा नाही ना ते बघून.

सुक्याचं सोपं आहे. पाण्याच्या आणि बिअरच्या बाटल्या, पुठ्ठा, डबे भंगारवाला नेतो. प्लास्टिकच्या बाटल्या चेपून ठेवल्या तर जागा निम्म्यानं वाचते. चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं तो घेत नाही, ती वेगळ्या पोत्यात आमच्यासाठी ठेवा. खोलीत पाण्याचा तांब्या आणि ओसरीवर गाळलेल्या पाण्याचा माठ ठेवलात तर बाटल्या मुळातच कमी होतात. थर्माकोलच्या पत्रावळी, प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. पाहुण्यांनी वाढदिवसासाठी आणलेच तर अदबीनं स्टीलची ताटं पुढे करा.

मागच्या बांधावर कचरा पेटवायचा नाही. कायद्यात बसत नाही हे एक, आणि मोहफुलांच्या दिवसांत जमिनीवर वाळका पाला इतका असतो की ठिणगी जंगलात जायला वारा पुरतो.

प्रत्येक न्हाणीघरात झाकणाचा छोटा डबा आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे ठेवा. पॅड, डायपर त्यात गुंडाळून लाल खूण करा. संडासात टाकले तर सेप्टिक टँकचा पाइप तुंबतो, आणि तो ऐन सुट्टीच्या गर्दीतच तुंबतो. फुटकी काच पत्र्याच्या डब्यात, वर "काच" लिहून.

आमची गाडी आठवड्यातून एकदा येते, पावसाळ्यात रस्ता असेल तशी. पोती बांधून, कोरडी, सावलीत ठेवा. खरकटं लागलेलं पोतं आम्ही उचलत नाही.