कल्पित जगाची लिपी: आधी लेखणी, मग अक्षर

कादंबरीतल्या किंवा खेळातल्या कल्पित जगासाठी लिपी घडवताना बहुतेक जण थेट अक्षरांच्या आकारांना हात घालतात. माझ्या मते आधी ठरवायला हवे ते निराळेच: तिथली माणसे कशावर आणि कशाने लिहितात?

ओडिया लिपी पाहा. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरली जात आणि पानाचे तंतू ओळीच्याच दिशेने जात असल्यामुळे सरळ आडवी रेघ ओढली तर पान चिरण्याची भीती असे. म्हणूनच ओडिया अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेघेऐवजी कमान आली, असे मानले जाते. उत्तर युरोपातल्या रून लिपीनेही आडवी रेघ टाळली, पण ती गोलाईकडे वळली नाही, कारण लाकडावर चाकूने वळण कापणे जिकिरीचे असते. तिची अक्षरे उभ्या आणि तिरक्या रेघांची झाली. अडचण सारखी असूनही साधन बदलताच रूप किती बदलते, हे इथे स्पष्ट दिसते.

वेगाचाही विचार करायला हवा. मोडी लिहिणारा कारकून ओळभर शिरोरेघ आधीच ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत अक्षरांना अक्षरे जोडत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही तिथे सहसा पाळला जात नसे. मराठीत पोथ्यांसाठी बाळबोध आणि दप्तरासाठी मोडी अशा दोन लिप्या शतकानुशतके शेजारी नांदल्या. कल्पित राज्यात मंदिर आणि खजिना दोन्ही असतील, तर दोन्हीकडे एकच वळण दाखवणे मला पटत नाही.

आकारामागे उच्चाराचा विचारही असू शकतो. कोरियाचा राजा सेजोंग याच्या कारकिर्दीत सिद्ध झालेल्या आणि १४४६ मध्ये जाहीर झालेल्या हंगुल लिपीत ‘न’चे चिन्ह टाळूकडे उचललेल्या जिभेच्या टोकाचे रूप दाखवते, तर ‘क’च्या चिन्हात एक रेघ वाढवली की ‘ख’ होतो.

उसने आकार मात्र मुळीच वर्ज्य नाहीत. इंग्रजी वाचता न येणाऱ्या सेक्वोया या अमेरिकेतल्या चेरोकी या मूलनिवासी जमातीतल्या कारागिराने १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठी लिपी पूर्ण केली. तिच्यातली काही चिन्हे रोमन अक्षरांसारखी दिसतात, पण डीसारखे चिन्ह ‘अ’ आहे, डब्ल्यूसारखे ‘ला’ आणि एचसारखे ‘मी’. आकार परके असले तरी प्रत्येक चिन्हामागचा ध्वनी चेरोकी भाषेतूनच आला होता, त्यामुळे लोकांनी ती झपाट्याने आत्मसात केली आणि १८२८ मध्ये तिच्यात वृत्तपत्रही छापले जाऊ लागले.