विशेषणापुढचा ‘टू’ : इंग्रजी पत्र पाठवण्याआधी

आमच्याकडे नोकरीचे अर्ज, परदेशी गिऱ्हाइकांना जाणारे ईमेल, कोटेशनसोबतची पत्रं तपासायला येतात. स्पेलिंग हल्ली मोबाइलच सुधारतो. आमची लाल शाई सगळ्यात जास्त खर्च होते ती ‘टू’ या इवल्याशा शब्दावर, त्यातही विशेषणानंतर येणाऱ्या ‘टू’वर. तेच तेच दुरुस्त करून तुमचे पैसे घ्यायला आम्हालाही बरं वाटत नाही, म्हणून हे पत्रक.

आधी आपल्या मराठीकडे बघू. भेटून आनंद झाला, यायला तयार आहे, सांगणं अवघड आहे, पोहोचणारा पहिला. क्रियापदाचं रूप चारही ठिकाणी वेगळं. इंग्रजीत चारही ठिकाणी एकच : ‘हॅपी टू मीट’, ‘रेडी टू कम’, ‘डिफिकल्ट टू से’, ‘द फर्स्ट टू रीच’. आपल्याला जो फरक क्रियापदाच्या शेवटीच ऐकू येतो, तो इंग्रजीत विशेषणाच्या पोटात असतो. विशेषण नीट ओळखलं नाही की वाक्य फसतं.

‘टू’ हा मुळात दिशा दाखवणारा शब्द. ‘टू पुणे’ म्हणजे पुण्याला. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाच्या एका खास रूपाआधी हाच शब्द लागायचा, तो पुढे तिथेच चिकटून राहिला. आपल्या ‘पुण्याला’ आणि ‘करायला’ यांतही एकच ‘ला’ ऐकू येतो. म्हणून ‘करायला’ दिसलं की ‘टू’ लावावं, हा ठोकताळा बऱ्याच वेळा चालतो. ‘विलिंग टू ट्रॅव्हल’, ‘रेडी टू डिस्पॅच’, ‘अनेबल टू अटेंड’ इथे कुणी चुकत नाही.

अवघड कोण आहे?

‘मला सोमवारी यायला अवघड आहे’ याचं ‘आय ॲम डिफिकल्ट टू कम ऑन मंडे’ होऊन आमच्याकडे येतं. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून कळतं ते एवढंच, की हा माणूस वाकड्या स्वभावाचा आहे. अवघड आहे ते येणं, आपण नव्हे. म्हणून ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टू कम’. ‘इफ यू आर कन्व्हिनियंट’चंही तेच. सोयीचं असतं ते काम, वेळ, जागा. ‘इफ इट इज कन्व्हिनियंट फॉर यू’ असं लिहा.

मराठीत ‘मला’, ‘तुम्हाला’ आलं आणि विशेषण कामाबद्दल बोलत असलं, की इंग्रजीत ‘इट इज’ने सुरुवात करायची आणि माणसाला ‘फॉर’च्या मागे बसवायचं. फक्त स्वभावाची तारीफ किंवा निंदा असेल तिथे ‘फॉर’ जाऊन ‘ऑफ’ येतो : ‘इट वॉज काइंड ऑफ यू टू सेंड द सॅम्पल्स’. नमुने पाठवणं हा तुमचा चांगुलपणा, म्हणजे चांगले तुम्ही. परदेशी पत्रव्यवहारात हे वाक्य फार कामाला येतं, पाठच करून ठेवा.

मात्र ‘डिफिकल्ट’ माणसापुढे कधीच येत नाही असंही नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९६०च्या दशकात दोन वाक्यं शेजारी ठेवून दाखवली आणि ती त्यांच्या शास्त्रात प्रसिद्ध झाली : ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टू प्लीज’. दिसायला जुळी भावंडं. पहिल्यात जॉन इतरांना खूश करायला उत्सुक आहे, दुसऱ्यात जॉनला खूश करणं सोपं आहे. ‘जॉन’ आणि ‘जॉनला’. मराठीला हा फरक सांगायला एक अक्षर पुरतं. ‘ही इज डिफिकल्ट टू कन्व्हिन्स’ हे वाक्य त्यामुळे बरोबर आहे. पटवणारे आपण, अवघड जाणारा तो.

शेवटी उरणारा छोटा शब्द

‘ईझी’, ‘हार्ड’, ‘डिफिकल्ट’, ‘प्लेझंट’ या विशेषणांबरोबर दोन उलटसुलट चुका होतात. एक, नको तिथे ‘इट’ : ‘धिस क्लॉज इज डिफिकल्ट टू अंडरस्टँड इट’. क्लॉज वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन बसला आहे, शेवटी पुन्हा ‘इट’ नको.

दुसरी चूक आम्हाला जास्त छळते. एका फर्निचरवाल्या ग्राहकाच्या कॅटलॉगात प्रत्येक पानावर ‘कम्फर्टेबल टू सिट’ होतं. मराठीत ‘बसायला आरामशीर’ म्हटलं की झालं, पण इंग्रजीत खुर्ची‘वर’ बसतात तो ‘वर’ हरवून चालत नाही : ‘कम्फर्टेबल टू सिट ऑन’. तसंच ‘अ नाइस फ्लॅट टू लिव्ह इन’, ‘शी इज ईझी टू टॉक टू’. वाक्याच्या शेवटी असा उघडा शब्द शोभत नाही असं शाळेत कुणी सांगितलं असेल, तर इथे ते विसरा.

एक तिढा : ‘इम्पॉसिबल टू फिनिश’ चालतं, पण ‘द वर्क इज पॉसिबल टू फिनिश’ कानाला खटकतं. तिथे ‘इट इज पॉसिबल टू फिनिश द वर्क’ असंच लिहावं लागतं. कारण विचारू नका, आम्ही ते पाठ केलं आहे.

भेटून, ऐकून, पाहून

भावनेची विशेषणं सोपी आहेत. मराठीतलं ‘-ऊन’ इंग्रजीत ‘टू’ होतं : ‘सॉरी टू हिअर’, ‘ग्लॅड टू नो’, ‘सरप्राइज्ड टू सी’. ‘हॅपी आफ्टर मीटिंग यू’ लिहिलं तर भेट संपली म्हणून आनंद झाला असाही अर्थ निघू शकतो. एक मात्र बघा. ‘प्लीज्ड’मधला शेवटचा ‘ड’ पुढच्या ‘टू’त बुडतो, ऐकू येत नाही, आणि मग कागदावर ‘आय ॲम प्लीज टू इन्फॉर्म यू’ उतरतं. ‘प्रिपेअर्ड’चंही असंच होतं.

दोन ‘टू’

देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, पण ‘टू हॉट टू टच’मधला पहिला ‘टू’ वेगळा. तो ‘फार’ नव्हे, ‘नको इतका’. हात लावता येणार नाही इतकं गरम. त्यामुळे ‘अवर मँगो पल्प इज टू गुड टू ईट’ हे वाक्य आमच्यापर्यंत पोहोचलं ते बरं झालं; छापलं असतं तर पल्प इतका चांगला की खाऊच नका, असा निरोप गेला असता. उलट बाजूला ‘इनफ’, आणि तो नेहमी विशेषणामागे : ‘ओल्ड इनफ टू व्होट’. भारतात १९८९ पासून त्यासाठी १८ वर्षं पुरतात, आधी २१ लागत.

जिथे ‘टू’ लागत नाही

‘केपेबल टू हँडल’ नाही, ‘केपेबल ऑफ हँडलिंग’. ‘इंटरेस्टेड टू जॉइन’ नाही, ‘इंटरेस्टेड इन जॉइनिंग’; मात्र काही जाणून घ्यायची उत्सुकता असेल तर ‘इंटरेस्टेड टू नो’ बरोबर. ‘कमिटेड टू’ आणि ‘यूज्ड टू’ (सवय असणे या अर्थी) यांतला ‘टू’ अजून जुन्या दिशेच्याच नोकरीत आहे, म्हणून त्यापुढे ‘-इंग’ : ‘कमिटेड टू डिलिव्हरिंग ऑन टाइम’. बायोडेटात या चार जागा तपासल्या तरी निम्मं काम होतं. ‘अफ्रेड’ दोन्हीकडे जातं. ‘अफ्रेड टू क्रॉस’ म्हणजे ओलांडायची हिंमत नाही, ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’ म्हणजे पडू अशी भीती.

मसुदा पाठवताना

इंग्रजीसोबत मराठीतला कच्चा मजकूरही पाठवा, मोडका असला तरी चालेल. ‘-ऊन’, ‘-ला’, ‘-णारा’ दिसले की आमचं काम अर्ध्या वेळात होतं. वर सांगितलेल्या बहुतेक चुका आम्ही न विचारता दुरुस्त करतो. फक्त ‘ही इज शुअर टू पे’ असं वाक्य आलं, तर तुम्हाला आमचा फोन येईल. तो पैसे देईलच अशी त्यात तुमची खात्री आहे. तुम्हाला म्हणायचं असेल की पैसे देऊ शकेन याची त्याला स्वतःलाच खात्री वाटते, तर ‘शुअर ऑफ बीइंग एबल टू पे’ असं लिहावं लागेल. खात्री नक्की कुणाची, ते तुमच्याशिवाय आम्हाला कोण सांगणार?