मुंबईच्या मतदार यादीचं भांडण: दहा रुपये भाड्यापासून दुबार नावांपर्यंत

1 नोव्हेंबर 2025 ला मुंबईत एकाच दिवशी दोन आंदोलनं झाली. फॅशन स्ट्रीटवरून महापालिका मुख्यालयाकडे ‘सत्याचा मोर्चा’ निघाला. त्यात उद्धव आणि राज ठाकरे होते, शरद पवार होते, काँग्रेसचे नेते होते. त्यांचं म्हणणं, आधी याद्या दुरुस्त करा, निवडणुका नंतर घ्या. त्याच वेळी गिरगाव चौपाटीला भाजपचे कार्यकर्ते या मोर्चाच्या निषेधात मूक आंदोलन करत होते. पुढे दोनच दिवसांत भाजपच्या आशिष शेलारांनी पत्रकार परिषद घेतली आणि विरोधकांना मुस्लिम मतदारांची दुबार नावं तेवढी दिसत नाहीत, असा उलटा आरोप केला. म्हणजे यादी खराब आहे यावर दोन्ही बाजूंचं एकमत. वाद आहे तो खराबी कोणाच्या फायद्याची यावर.

या भांडणाला दोन घोषणा पुरतात. एक, ‘आमची नावं कापली’. दुसरी, ‘त्यांनी बोगस नावं घुसवली’. मुंबईत प्रत्येक पक्षाच्या आपापल्या सोयीने दोन्ही वापरून झाल्या आहेत. कारण मत माणसाचं असलं तरी यादीतलं नाव पत्त्यावर लागतं, आणि या शहरात पत्ता ही सगळ्यात अस्थिर गोष्ट आहे.

सुरुवातीला तर मत घरालाच होतं. 1872 च्या कायद्याने मुंबई महापालिकेत 64 सभासद आले, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. करदाते म्हणजे शेठ, सावकार, घरमालक, वकील. भाडेकरूला दार उघडलं ते 1922 मध्ये, तेही महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्यापुरतं. मुंबई शहरातून प्रांतिक कायदेमंडळावर मत द्यायचं, तर तिथेही दहा रुपये भाड्याचीच अट. गिरणगावातल्या एका खोलीचं भाडं साधारणपणे याहून कमी असे, आणि त्या खोलीत एक बिऱ्हाड नि वर खानावळीवर जेवणारे चार-सहा गाववाले. शहराचा कापड धंदा ज्यांच्या खांद्यावर उभा होता, त्यांना शहराच्या कारभारात मत नाही, असा तो हिशोब होता.

याच मुंबईत जानेवारी 1919 मध्ये मताधिकार कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे डॉ. आंबेडकरांनी साक्ष दिली आणि अस्पृश्यांसाठी मताधिकाराची पात्रता खाली आणा अशी मागणी केली. दहा वर्षांनी सायमन कमिशनच्या निमित्ताने ते सरळ प्रौढ मताधिकारावर आले. मत हा कर भरल्याचा मोबदला नाही, ही त्यांची भूमिका. महापालिकेत प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक 1948 ला झाली, देशात 1951-52 ला.

त्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी करताना पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाला एक भलतीच अडचण आली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान या भागांत बायका स्वतःचं नाव सांगेनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच. आयोगाने अशी नोंद चालणार नाही म्हणून ठणकावलं आणि सुमारे 28 लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली. त्यात डाव कोणाचा नव्हता, नियम वाजवी होता, तरी मत गेलंच. नावं गळण्याच्या बहुतेक गोष्टी अशाच असतात. खलनायक शोधायला गेलं की हाताला एक फॉर्म लागतो.

मुंबईत मात्र तेव्हाच पक्षीय आरोपाचा पहिला मोठा नमुना घडला. उत्तर मुंबई हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. प्रत्येकाला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी आंबेडकरांना सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरवलं. कम्युनिस्टांनी मतदारांना दुसरं मत वाया घालवायला शिकवलं, असा आंबेडकर आणि त्यांच्यासोबत लढलेले समाजवादी अशोक मेहता यांचा आक्षेप होता. तो घेऊन ते निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेले. निकाल बदलला नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण पुढची सगळी भांडणं त्यातूनच निघतात. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे नाव लागायला माणूस त्या मतदारसंघात ‘सर्वसाधारणपणे राहणारा’ हवा. नुसती मालकीची जागा असून भागत नाही. उलट काही दिवस बाहेर गेल्याने राहणं संपतही नाही. आता हे मुंबईला लावा. बीडीडी चाळीतली कुटुंबं पुनर्विकासासाठी कोणी संक्रमण शिबिरात, कोणी भाडं घेऊन बाहेर गेली. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत 556 घरांच्या चाव्या मिळाल्या, तोवर कित्येकांची वर्षं बाहेर गेली होती. झोपु म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतला माणूस कधी कधी दहा वर्षं शिबिरात असतो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा दर वर्षी टेम्पो करतो. हे सगळे ‘सर्वसाधारणपणे’ कुठे राहतात, हे बीएलओने, म्हणजे मतदान केंद्राच्या पातळीवर यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, दारावर जाऊन ठरवायचं. आणि बीएलओ म्हणजे बहुधा शाळेतली बाई किंवा अंगणवाडी सेविका, जिला स्वतःचं काम वेगळं आहेच.

फुटपाथवर राहणाऱ्यांसाठी आयोगाची सूचना तर वाचण्यासारखी आहे. अशा माणसाने अर्जात जी जागा लिहिली असेल तिथे बीएलओने रात्री जायचं, तो खरोखर तिथे झोपतो का बघायचं, तेही एकापेक्षा जास्त रात्री. दिसला, तर राहण्याचा कागदी पुरावा मागायचा नाही. नियम माणुसकीचा आहे. कुठल्या वॉर्डात तो किती पाळला जातो, हा वेगळा विषय.

दुबार नावांचं मूळही असंच कागदात आहे. 2022 पर्यंत एका मतदारसंघातून दुसरीकडे राहायला गेलं तरी नव्या मतदाराचाच फॉर्म 6 भरावा लागे. जुना पत्ता लिहायचा रकाना त्यात होता, पण लोक तो सोडून देत, आणि लिहिला तरी जुन्या ठिकाणचं नाव काढायला तिथल्या कार्यालयाने हलायला हवं. परळहून विरारला गेलेल्या कुटुंबाचं नाव दोन्हीकडे राहिलं, यात कुटुंबाचा दोष तो काय? आता स्थलांतराला फॉर्म 8 आहे, नाव कापायला फॉर्म 7. या फॉर्म 7 वर विरोधी बाजूचा कार्यकर्ताही हरकत घेऊ शकतो. मात्र कायद्याने त्या माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाव काढता येत नाही.

ऐकून घेण्याच्या या अटीला धार आली ती नव्वदच्या दशकात. ‘बांगलादेशी हटाव’चा जोर होता. दिल्लीत आणि मुंबईत काही वस्त्यांमधल्या मतदारांना घाऊक नोटिसा गेल्या, नागरिकत्व सिद्ध करा म्हणून. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1995 मध्ये लाल बाबू हुसेन खटल्याचा निकाल आला. एकदा यादीत नाव आहे म्हणजे ते रीतसर तपासूनच लागलंय असं धरायचं, ते काढायचं तर संशय कशावरून हे आधी त्या माणसाला सांगायचं, आणि तो देईल तो पुरावा बघायचा. आज याद्यांवरून जो कोणी कोर्टात जातो, तो हाच निकाल घेऊन जातो. त्याच सुमाराला तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी फोटो ओळखपत्राचा हट्ट धरला होता. बोगस मतदान थांबेल म्हणून काहींनी टाळ्या वाजवल्या, गरिबाचं मत जाईल म्हणून काही पक्ष भडकले. कार्ड आलं, राहिलं. पण कार्ड खिशात असून यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, हे मुंबईकराला कळायला 2014 उजाडावं लागलं.

त्या एप्रिलमध्ये मुंबई-पुण्यात लोक कार्ड घेऊन केंद्रावर गेले आणि नाव गायब. दीपक पारेख यांच्यासारख्या बँकिंगमधल्या मोठ्या माणसाचंही नाव नव्हतं. निवडणूक आयुक्त ब्रह्मा यांनी जाहीर माफी मागितली. गंमत अशी की ही गळती आधीच्या ‘शुद्धीकरणा’ची होती, आणि शुद्धीकरणाची ओरड सगळ्याच पक्षांची असते.

2024 ने उरलासुरला विश्वास घालवला. 20 मे ला मुंबईत रांगा हलेनात, तेव्हा मतदान मुद्दाम संथ चालवलं जातंय असं उद्धव ठाकरे म्हणाले. वायव्य मुंबईत शिंदेंच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर ठाकरे गटाच्या अमोल कीर्तिकरांवर अवघ्या 48 मतांनी जिंकले. कीर्तिकरांनी उच्च न्यायालयात 333 टेंडर्ड मतांचा मुद्दा काढला. आपण केंद्रावर पोचायच्या आत कोणी आपल्या नावावर मत देऊन गेलेलं असेल, तर जे मत कागदावर घेतलं जातं ते हे. याचिका फेटाळली गेली, पण 48 आणि 333 हे आकडे शाखाशाखांतून फिरत राहिले. पुढे लोकसभा आणि विधानसभेच्या मधल्या काही महिन्यांत राज्यातले मतदार सुमारे 9 कोटी 30 लाखांवरून 9 कोटी 70 लाखांवर गेले. राहुल गांधींनी त्यावर बोट ठेवलं. आयोगाचं उत्तर, नोंदणी मोहिमेतली नावं आहेत, पक्षांनी तेव्हा हरकती घेतल्या नाहीत. मला या उत्तरात अर्धं तथ्य वाटतं. शिवसेनेचे गटप्रमुख आणि भाजपचे पन्नाप्रमुख यादीचं पान न् पान हातात घेऊन फिरतात, मग हरकती निकालानंतरच का सुचतात? पण नावं शोधता येतील अशा स्वरूपात संगणकीय यादी मागितली की आयोग खासगीपणाचं कारण देतो, हेही तितकंच खरं.

महापालिकेची गोष्ट आणखी तिरपी. राज्य निवडणूक आयोगाची स्वतःची यादी नसते. विधानसभेची यादी घ्यायची आणि वॉर्डाप्रमाणे फोडायची, एवढंच त्याच्या हातात. मार्च 2022 पासून नगरसेवकांविना चाललेल्या महापालिकेसाठी 1 जुलै 2025 ची यादी धरली गेली. 1 कोटी 3 लाख मतदारांच्या त्या प्रारूपात दुबार नोंदी निघाल्या सुमारे 11 लाख. नाव कापायचा अधिकार केंद्राच्या आयोगाकडे, निवडणूक घ्यायची राज्याच्या आयोगाने. तेव्हा तोडगा निघाला तो असा, संशयित नावापुढे दोन तारे छापायचे आणि हा माणूस कुठल्या एका केंद्रावर मत देणार ते त्याच्याकडून लिहून घ्यायचं. 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं ते याच ताऱ्यांच्या यादीवर.

मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे एसआयआर, नोव्हेंबर 2025 मध्ये दुसऱ्या टप्प्यात बारा राज्य-केंद्रशासित प्रदेशांत गेलं. स्थानिक निवडणुका असल्याने महाराष्ट्र त्यातून सुटला. बिहारमध्ये पहिल्या प्रारूपातच 65 लाख नावं गळली आणि सर्वोच्च न्यायालयाला ती कारणांसह जाहीर करायला सांगावं लागलं. तिथे 2003 ची यादी पाया धरली होती. जुनी यादी पाया धरायची हीच पद्धत मुंबईला लावली, तर आधी तेव्हा आपण कुठल्या चाळीत होतो ते आठवावं लागेल, मग तो भाग कुठल्या मतदारसंघात होता ते शोधावं लागेल, कारण 2008 च्या पुनर्रचनेत शहरातले मतदारसंघ बदलले, आणि तोवर ती चाळही बहुधा पडलेली असेल.