टायटॅनिकचं मॉडेल, ऑलिम्पिकच्या खिडक्या

दोन वर्षं संध्याकाळी जेवणं उरकली की टेबलाशी बसून मी टायटॅनिकचं पहिलं मॉडेल पूर्ण केलं. १:३५० चं स्केल, लांबी साधारण ७७ सेंटिमीटर. काचपेटीत ठेवलं, खाली पितळी पट्टी लावली. बघायला आलेल्या एका जुन्या, मुरलेल्या मॉडेलवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, काचेला नाक टेकवलं आणि दहाएक सेकंदांत म्हणाले, "ऑलिम्पिक छान झालीय."

मी पट्टीकडे बोट दाखवलं.

"पट्टी वाचली हो. मी खिडक्या वाचतोय."

आधी राग आला. मग आठवलं, की किटमध्ये वरच्या डेकला लावायचे खिडक्यांचे दोन लांब भाग होते आणि ते "फोटोशी जुळत नाहीत" म्हणून मीच बाजूला ठेवले होते. फोटो छापलेला होता, खाली ठळक अक्षरात टायटॅनिक असं नाव होतं. किटचं बरोबर होतं, फोटोखालचं नाव चुकलं होतं. या छंदात ही चूक इतके जण करतात, की तिच्यापासूनच सुरुवात केलेली बरी.

ऑलिम्पिक आणि टायटॅनिक या सख्ख्या बहिणी. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फच्या गोदीत शेजारी-शेजारी बांधलेल्या, गोदीचे क्रमांकही लागोपाठचे, ४०० आणि ४०१. ऑलिम्पिकचा कणा टाकून बांधणी सुरू झाली १६ डिसेंबर १९०८ ला, टायटॅनिकचा ३१ मार्च १९०९ ला. दोघींची लांबी ८८२ फूट ९ इंच, म्हणजे २६९ मीटर. चार धुराडी, त्यातलं चौथं बॉयलरच्या धुरासाठी नव्हे तर मुख्यतः हवा खेळती ठेवायला. आराखडेही बरेचसे दोघींना मिळून एकच. पण थोरली १४ जून १९११ ला पहिल्या सफरीला निघाली आणि १९३५ पर्यंत चालली. धाकटी १० एप्रिल १९१२ ला निघाली आणि पाचव्या दिवशी बुडाली. साहजिकच थोरलीचे फोटो ढिगाने, धाकटीचे मोजकेच. त्यात थोरली पहिली आणि नव्या नवलाईची, तेव्हा छायाचित्रकारांचं कौतुक तिच्याच वाट्याला आलेलं.

अपघातानंतर जगाला टायटॅनिकची चित्रं हवी होती आणि ती नव्हती. मग ऑलिम्पिकचीच चालवली. बातमीपटांच्या फिल्मवर तर आजूबाजूच्या टगबोटींची नावं खरवडून काढून तेच चित्रण टायटॅनिक म्हणून दाखवलं गेलं. तो प्रसिद्ध भव्य जिना, ज्याचा फोटो प्रत्येक पुस्तकात असतो, तोही ऑलिम्पिकवरचा. टायटॅनिकच्या त्या जिन्याचा एकही फोटो आजवर सापडलेला नाही. जहाज पुढे ढकलणाऱ्या प्रचंड पंख्यांखाली मुंगीएवढी माणसं उभी आहेत, तो फोटोही थोरलीचाच.

तेव्हा समोर फोटो आला की पहिला प्रश्न, ही कोण? उत्तर द्यायला सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे बी-डेक (डेक म्हणजे जहाजाचा मजला). वरून मोजायचं तर बोट डेक, त्याखाली ए-डेक आणि त्याखाली बी. ऑलिम्पिकच्या बी-डेकवर बाहेरच्या कडेने प्रवाशांना फिरायला लांबलचक वाट होती. तिच्या खिडक्या एका मापाच्या, सारख्या अंतरावर, शाळेच्या कवायतीत उभ्या केल्यासारख्या. पहिल्या सफरींत लक्षात आलं, की वर ए-डेकवर ऐसपैस वाट असताना इथे कोणी फारसं फिरकत नाही. टायटॅनिकवर ती वाट काढून टाकली आणि खोल्या थेट जहाजाच्या कडेपर्यंत ओढल्या. आता प्रत्येक खिडकी आतल्या खोलीच्या हिशोबाने आली. कुठे दोन जवळजवळ, मग मोकळी भिंत, पुन्हा एक अरुंद. दोन खास दालनांना तर सुमारे ५० फुटांचे खासगी व्हरांडे मिळाले, आणि त्यातलं डाव्या बाजूचं दालन त्या सफरीत जहाजाच्या मालक कंपनीचे प्रमुख ब्रूस इस्मे यांच्याकडे होतं. मागच्या अंगाला उजवीकडे कॅफे पॅरिसियन आला, डावीकडे रेस्तराँ कडेपर्यंत वाढलं. त्यामुळे टायटॅनिकची डावी आणि उजवी बाजूही एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा नाहीत. एका बाजूची पट्टी कापून दुसरीकडे उलटी चिकटवली की काम फसलंच.

हा फरक कागदावरही उमटलाय. ऑलिम्पिकचं ग्रॉस टनेज ४५,३२४, टायटॅनिकचं ४६,३२८. ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, जहाजातल्या बंदिस्त जागेचं ते माप असतं. धाकटीला "जगातलं सगळ्यात मोठं जहाज" म्हणायचे ते या हजारभर टनांच्या जोरावर. लांबी तीच, फक्त जास्त जागा भिंतीआड गेली.

माझ्या मॉडेलवर बी-डेकची पट्टी मी हाताने केली होती, कारण किटमधल्या खिडक्या मला ओबडधोबड वाटल्या. पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीवर पेन्सिलने समान भाग पाडले, पिन-व्हाइसने, म्हणजे हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने, प्रत्येक ठिकाणी भोक पाडलं आणि मिलिमीटरभर रुंदीच्या कानशीने ते चौकोनी केलं. एका बाजूला तीन आठवडे गेले. खिडक्या इतक्या एकसारख्या झाल्या, की मी त्या लोकांना भिंगातून दाखवायचो. एकसारख्या होत्या, हाच तर गुन्हा.

ए-डेकचा फरक लोकांना पाठ असतो. टायटॅनिकच्या ए-डेकचा पुढचा निम्मा भाग खिडक्यांच्या पडद्याने बंद केलेला, मागचा निम्मा उघडा. ऑलिम्पिकचा डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा, आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. दुरून बघूनही ओळखता येतं. पण इथे एक मेख आहे. हा पडदा टायटॅनिकवर अगदी शेवटच्या काही आठवड्यांत बसवला. त्याआधी बेलफास्टमध्ये काढलेल्या तिच्या फोटोंत ए-डेक उघडाच दिसतो. म्हणजे पुढचा भाग बंद असेल तर ती नक्की टायटॅनिक, पण उघडा असेल तर नक्की ऑलिम्पिक, असं मात्र म्हणता येत नाही. अशा वेळी पुन्हा खाली बी-डेककडे यायचं.

याहून बारीक खूण नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, डाव्या बाजूला, सी-डेकच्या रांगेतली. पोर्टहोल, म्हणजे गोल खिडक्या, मोजा. नव्या कोऱ्या ऑलिम्पिकला तिथे १४ होती. सफरीला निघालेल्या टायटॅनिकला १६. जहाजांची अदलाबदल झाली, बुडाली ती ऑलिम्पिकच, असा जो कट रंगवून सांगतात, त्याचा मोठा आधार हीच गोल भोकं. जलावतरणाच्या दिवशी टायटॅनिकला १४, निघताना १६, म्हणजे जहाजच बदललं, असा तो तर्क. खरं कारण अगदी साधं. दोन पोर्टहोल नंतर पाडली, आणि ऑलिम्पिकलाही पुढे ती पाडली. शिवाय समुद्रतळावर पडलेल्या जहाजाच्या पंख्यावर ४०१ हा आकडा कोरलेला सापडलाय. मॉडेलवाल्याने त्या कटाकडे लक्ष देऊ नये, पोर्टहोलकडे मात्र द्यावं. १४ आणि १६ या दोन आकड्यांवरून बहीण ओळखू येते असं नाही, पण फोटो कधीचा आहे ते कळायला मदत होते.

ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती जागा, तिथले फरक पटकन सांगतो. ऑलिम्पिकच्या सुकाणूघराचा दर्शनी भाग गोलाई दिलेला होता, टायटॅनिकचा सरळ, सपाट. ब्रिजच्या दोन टोकांना असलेल्या टपऱ्या ऑलिम्पिकवर जहाजाच्या कडेशी समतल, टायटॅनिकवर जरा बाहेर डोकावणाऱ्या. १:७०० च्या मॉडेलमध्ये हे डोकावणं केसाएवढं असतं, सोडून दिलं तरी चालेल. १:२०० च्या मॉडेलची लांबी १३५ सेंटिमीटरच्या घरात जाते, तिथे सोडून चालणार नाही.

पंख्यांचा घोळ यापेक्षा मजेशीर. तीन पंखे, त्यातले दोन बाहेरचे तीन पात्यांचे. ऑलिम्पिकचा मधला पंखा चार पात्यांचा, हे फोटोतच दिसतं. मग टायटॅनिकचाही तसाच असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं आणि वर्षानुवर्षं चार पात्यांचीच मॉडेल झाली. टायटॅनिकच्या बसवलेल्या पंख्यांचा एकही फोटो नाही. पुढे गोदीच्या एका अभियांत्रिकी वहीतली नोंद पुढे आली, तिच्यात टायटॅनिकच्या मधल्या पंख्याला तीन पाती लिहिलेली आहेत. तो पंखा आज समुद्रतळाच्या गाळात गाडलेला असल्यामुळे जाऊन मोजायची सोय नाही. मी वहीच्या बाजूने आहे. जहाज बांधणाऱ्याने स्वतःच्या वापरासाठी लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा दुसऱ्या जहाजाच्या फोटोवर जास्त विश्वास का ठेवायचा?

आता जिथे दोघी एकसारख्या आहेत, तिथे नवखा माणूस नेमका जीव काढतो. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे. एका जहाजात सुमारे ३० लाख रिव्हेट होते, हे कुठेतरी वाचलं की त्याच्या डोक्यात ते बसतं आणि मग हलवर, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या अंगावर, पुटकुळ्या उठवणं सुरू होतं. जरा हिशोब करा. हलचे पत्रे साधारण एक इंच जाडीचे. १:३५० मध्ये एक इंच म्हणजे ०.०७ मिलिमीटर, वहीच्या कागदापेक्षाही पातळ. मग त्या पत्र्यावर बसलेल्या रिव्हेटचं डोकं किती उठून दिसावं? पत्रे एकावर एक चढवलेले होते, त्यामुळे उन्हात आडव्या पट्ट्यांची हलकी सावली फोटोत दिसते. तेवढी दिसली तरी पुरे. मी हलला बारीक सँडपेपर मारून किटमधले फुगीर जोड खाली बसवतो, प्रायमर मारतो आणि दिवा तिरका धरून बघतो. रिव्हेट मोजता आले, तर पुन्हा सँडपेपर.

रंगाच्या वादात मी पडत नाही. हल काळा, वरच्या कडेला पिवळी सोनेरी रेघ, त्यावर पांढरा, पाण्याखाली तांबडा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. धुराड्यांचा तो पिवळसर, बदामी रंग नेमका कोणता, यावर मात्र माणसं हातघाईवर येतात. रंगीत फोटोच नाही म्हटल्यावर वाद मिटणार तरी कसा? फक्त एक लक्षात ठेवा. जलावतरणाच्या फोटोत हल पांढुरका असेल तर ती ऑलिम्पिक. २० ऑक्टोबर १९१० ला ती पाण्यात उतरली तेव्हा फोटोत उठून दिसावी म्हणून तिला मुद्दाम फिका रंग दिला होता. सगळं जहाजच पांढरं आणि अंगावर मोठे लाल क्रॉस असतील, तर ती तिसरी बहीण ब्रिटॅनिक, युद्धातली रुग्णनौका. तिचा विषय वेगळा.

आतापर्यंतचे बहुतेक फरक १९११ ची ऑलिम्पिक आणि एप्रिल १९१२ ची टायटॅनिक यांच्यातले आहेत, हे विसरून चालत नाही. टायटॅनिक पाच दिवसांची, म्हणून तिचं पूर्ण रूप एकच. ऑलिम्पिक चोवीस वर्षं चालली आणि सतत बदलत गेली. अपघातानंतर १९१२-१३ च्या मोठ्या दुरुस्तीत तिचा बोट डेक जीवरक्षक होड्यांनी भरून गेला, कॅफे पॅरिसियन तिच्यावरही आला, ब्रिज बदलला, टनेज ४६ हजारांवर गेलं. पहिल्या महायुद्धात सैनिक वाहताना तिच्या अंगावर डोळे फिरवणारे चट्ट्यापट्ट्यांचे रंग चढले. तेव्हा "ऑलिम्पिकचा फोटो बघून टायटॅनिक बनवली" ही एक चूक झाली, आणि "१९२० नंतरच्या ऑलिम्पिकचा फोटो बघून १९११ ची ऑलिम्पिक बनवली" ही तिची जुळी बहीण.

टायटॅनिकसाठी मी आता सगळ्यात वर फादर फ्रान्सिस ब्राउन यांचे फोटो ठेवतो. हे आयरिश धर्मगुरू साउदॅम्प्टनला चढले आणि शेरबूर्गमार्गे आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउनला उतरले, म्हणून ते वाचले आणि त्यांचे फोटोही. ते टायटॅनिकवरच, त्याच सफरीत काढलेले आहेत, त्यामुळे ही कोण आणि कधीची हे दोन्ही प्रश्न तिथे आधीच सुटलेले असतात. बाकीचे सगळे फोटो मी पाठीमागे पेन्सिलने तारीख लिहूनच फाइलमध्ये लावतो. तारीख ठरली नाही, तर फोटो वेगळ्या पाकिटात.

राहता राहिलं ते काचपेटीतलं मॉडेल. मोडायचं जिवावर आलं होतं, म्हणून पितळी पट्टी बदलून "ऑलिम्पिक, १९११" अशी नवी करून आणली आणि त्याच गृहस्थांना बोलावलं. मधल्या पंख्याची चार पाती बघून त्यांनी मान डोलावली. बी-डेक बघून "झकास" म्हणाले. मग नाळेकडे सरकले आणि ओठ हलवत मोजू लागले. किटचा हल टायटॅनिकचा, त्यामुळे डाव्या बाजूला पोर्टहोल १६. सुकाणूघरही किटमधलंच, सपाट तोंडाचं.

सध्या दोन भोकांत पुट्टी भरून ठेवली आहे. सुकाणूघराला गोलाई द्यायला पट्टी वाकवतोय, आतापर्यंत तीन तुटल्या.