फौंड्रीत उतरणाऱ्याने आधी काय वाचावे: ‘द गोल’ की ‘द टोयोटा वे’?

एमबीए करून बेळगावला परतलेला आणि उद्यमबाग, मच्छे किंवा होनगा येथील एखाद्या कारखान्यात रुजू झालेला मित्र ‘शॉपफ्लोअर समजेल असे एखादे पुस्तक सांग’ म्हणतो, तेव्हा बहुधा त्याला दोन नावे एका दमात सांगितली जातात: एलियाहू गोल्डराट यांनी जेफ कॉक्स यांच्यासह लिहिलेले ‘द गोल’ (१९८४) आणि जेफ्री लायकर यांचे ‘द टोयोटा वे’ (२००४). दोन्ही पुस्तके मला प्रिय आहेत आणि दोन्ही मी अनेकांना सुचवली आहेत. मात्र दोहोंत एकच गोष्ट सांगितली आहे, हा आपल्यात रूढ झालेला समज चुकीचा आहे आणि त्यापायी एकदा मी स्वतः तोंडघशी पडलो आहे.

हा समज का होतो, हे कळण्यासारखे आहे. अर्धवट तयार मालाचे ढीग दोन्ही पुस्तकांना खुपतात. प्रत्येक यंत्र आणि प्रत्येक माणूस सतत कामात दिसला म्हणजे कारखाना उत्तम चालला आहे, ही समजूत दोन्ही पुस्तके खोडून काढतात. साम्य येथे संपते.

‘द गोल’ ही कादंबरी आहे. कारखाना वाचवायला तीन महिन्यांची मुदत मिळालेला व्यवस्थापक ॲलेक्स रोगो आपल्या मुलाच्या स्काउट पथकाबरोबर पायी सहलीला जातो. रांगेत हर्बी नावाचा स्थूल मुलगा मागे पडतो आणि त्याच्या मागची सगळी मुले खोळंबतात. रोगो हर्बीला रांगेच्या पुढे आणतो आणि त्याची पाठपिशवी उघडतो, तर आत शीतपेयाच्या डब्यांपासून लोखंडी तव्यापर्यंत सगळा संसार निघतो. ते ओझे इतरांत वाटल्यावर संपूर्ण पथकाचाच वेग वाढतो. पुस्तकाचा सिद्धांत या एका प्रसंगात आला आहे: कारखान्याचा वेग त्याच्या सर्वांत संथ टप्प्यावर, म्हणजे बॉटलनेकवर ठरतो, तेथे वाया गेलेला एक तास हा अख्ख्या कारखान्याचा वाया गेलेला तास असतो आणि अन्यत्र वाचवलेल्या तासाला काहीच किंमत नसते.

आपल्याकडच्या फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, हे फार लवकर पटते, कारण फौंड्रीवाला टनांत बोलतो. आज किती टन मेल्टिंग झाले, हा दिवसाचा पहिला प्रश्न असतो. गोल्डराट मात्र विकल्या गेलेल्या मालातून आलेला पैसाच मोजतात; ओतलेली पण विकली न गेलेली कास्टिंग (ओतीव वस्तू) त्यांच्या हिशेबात उत्पादन ठरत नाही, तो नुसता अडकलेला पैसा असतो. मी काम करत होतो त्या कारखान्यात भट्टी आणि मोल्डिंग (साचे बनवणे) जोरात चालत असे, तरीही डिस्पॅच नेहमी उशिरा होई. एके दिवशी फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव मालाचा जास्तीचा भाग घासून काढण्याच्या, शेडमागे कंबरेइतक्या उंचीचा ढीग पाहून विचारले, तेव्हा ग्राइंडरवरचे मामा म्हणाले, ‘भट्टीचं काय न्हाई साहेब, माल घासायला हितं तुंबलाय.’ आमचा हर्बी तेथे होता, आणि आम्ही मात्र भट्टीची क्षमता वाढवण्याचे अंदाजपत्रक करत बसलो होतो.

‘द गोल’मधील आणखी एक सूचना येथे तंतोतंत लागू पडते: तपासणी बॉटलनेकच्या आधी करावी. ब्लो-होल (ओतताना वायू अडकून राहिलेले छिद्र) असलेली कास्टिंग घासून झाल्यावर नापास करण्यात ग्राइंडरचा जो वेळ जातो, तो परत मिळत नाही. तीच कास्टिंग शॉट ब्लास्टिंगनंतर (धातूच्या बारीक गोळ्यांच्या माऱ्याने साफ केल्यावर) लगेच बाजूला काढली, तर तितका वेळ चांगल्या मालाला मिळतो. यासाठी एक टेबल, एक दिवा आणि एक जाणता माणूस पुरेसा होतो.

‘द टोयोटा वे’चा पिंड निराळा आहे. ती कादंबरी नाही. कंपनीच्या वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून काढलेली १४ तत्त्वे त्यात आहेत. पहिलेच तत्त्व असे सांगते की, तात्कालिक आर्थिक लाभ सोडावा लागला तरी निर्णय दूरदृष्टीनेच घ्यावेत. ‘द गोल’मधील व्यवस्थापकाला पैसा मिळवणे हेच कारखान्याचे ध्येय असल्याचा शोध लागतो, हे आठवले की दोन पुस्तकांमधील अंतर ध्यानात येते.

वडगाव-खासबागच्या विणकर घरांतून आलेल्या मित्रांना हे पुस्तक मी एका कारणासाठी आवर्जून देतो. टोयोटाच्या विचाराचे मूळ मोटारीत नसून मागात आहे. धागा तुटताच आपोआप थांबणारा माग टोयोटा उद्योगसमूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांनी बनवला आणि दोष दिसताच काम थांबवण्याची टोयोटाची रीत, जिला जिदोका म्हणतात, तेथूनच आली. तुटलेल्या धाग्यावर यंत्रमाग चालत राहिला तर कापडाचे काय होते, हे त्या घरांत कोणी समजावून सांगावे लागत नाही. (लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये याच बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि पुढे त्यांचेच आडनाव बिडदीच्या टोयोटा कारखान्याच्या पाटीवर आले, हा योगायोगही सांगण्याचा मोह मला आवरत नाही.)

फरक प्रत्यक्षात कोठे जाणवतो, तर तो थांबण्याविषयीच्या दृष्टीत. टोयोटाच्या पद्धतीत प्रत्येक टप्प्यावरचा अपव्यय शोधायचा आणि रोज थोडा कमी करायचा असतो. गोल्डराटांच्या पद्धतीत एकच जागा हेरायची, बाकी सगळे तिच्या चालीने चालवायचे आणि त्यापायी इतर यंत्रे काही काळ रिकामी राहिली तर राहू द्यायची. टोयोटात साठा शक्य तितका घटवायचा. गोल्डराटांकडे बॉटलनेकच्या पुढ्यात थोडा साठा मुद्दाम ठेवायचा, म्हणजे ती जागा कधी उपाशी राहत नाही.

माझी चूक याच ठिकाणी झाली. फेटलिंगची कोंडी सुटण्यापूर्वीच मी उत्साहाने कानबान कार्डे छापून आणली. पुढच्या टप्प्याने माल उचलल्याशिवाय मागच्याने नवा करू नये, हा कानबानचा नियम. परंतु आमच्या ऑर्डरी दर आठवड्याला बदलत, आज पंपाचे हाउसिंग तर उद्या वेगळ्याच पॅटर्नचे ४० नग. कोणत्या मालाची किती कार्डे ठेवावीत, हे ठरेपर्यंत तो माल बंद झालेला असे. महिनाभरात ती कार्डे चहाच्या कपांखाली दिसू लागली. गोल्डराट यांनी २००८ च्या एका लेखात टोयोटाची उत्पादनपद्धती घडवणारे अभियंते तायची ओनो यांचे ऋण मान्य करून नेमके हेच दाखवले आहे की, टोयोटाच्या पद्धतीला स्थिर उत्पादने, स्थिर मागणी आणि स्थिर कार्यभार यांचा आधार लागतो. लायकर यांच्या पुस्तकातही उत्पादन समतल राखण्याचे, म्हणजे हेइजुंकाचे, तत्त्व आहे. मी ते प्रकरण चाळून पुढे गेलो होतो.

त्यामुळे सुट्या, बदलत्या ऑर्डरींवर चालणाऱ्या फौंड्रीत जाणाऱ्याला मी आधी ‘द गोल’ देतो आणि कोंडी कोठे आहे हे त्याने स्वतः शोधल्याखेरीज दुसरे पुस्तक देत नाही. हायड्रॉलिक्सचे तेच ते भाग महिनोन्महिने एका ग्राहकासाठी करणाऱ्या मित्राला मात्र मी उलटा क्रम सुचवतो आणि हेइजुंकाच्या प्रकरणात आधीच खूण घालून देतो.