‘नप्शल’ : लग्नपत्रिकेतून वारुळाकडे

लातूरहून आलेल्या एका लग्नपत्रिकेची इंग्रजी बाजू वाचताना घरातल्या शाळकरी मुलीने ‘नप्शल्स’ हा शब्द ‘नप्चुअल्स’ असा वाचला आणि अर्थ विचारला. ही चूक तिची एकटीची नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे असे लोकही ‘म्युच्युअल’च्या धर्तीवर तसाच उच्चार करतात. शब्दाचा अर्थ विवाहसोहळा. मात्र तो पत्रिकेत किंवा करारनाम्यात शोभतो, बोलण्यात नाही, आणि समारंभ या अर्थी तो बहुधा अनेकवचनातच येतो. त्याचे मूळ ‘नूबेरे’, म्हणजे स्त्रीने विवाह करणे, या लॅटिन क्रियापदात आहे. खुद्द रोमन लेखकांनी त्याचा संबंध वधूने डोके झाकण्याशी जोडला होता.

जीवशास्त्राने हाच शब्द विशेषण म्हणून उचलला. विणीच्या हंगामात सुगरणीच्या नराला चढणारा पिवळा रंग किंवा बेडकाच्या नराच्या अंगठ्यावर येणारी खरखरीत गादी यांना तो लावतात, पण तो सर्वांत नेमका बसतो मुंग्यांच्या उड्डाणाला.

मृगाचा पाऊस पडून मराठवाड्यातली तापलेली जमीन मऊ झाली आणि वारा पडला की अनेक वारुळांतून पंखवाल्या मुंग्या एकाच सुमारास बाहेर पडतात, म्हणजे निरनिराळ्या वारुळांतील नर-माद्यांची गाठ पडते. ‘मरणकाळी मुंगीला पंख फुटतात’ ही म्हण आपण सहज वापरतो; परंतु कामकरी मुंगीला पंख कधीच फुटत नाहीत. पंखवाले नर आणि भावी राण्या कोषातूनच पंख घेऊन बाहेर येतात. या मुंग्या दिसल्या की यंदा पाऊसकाळ चांगला, असे संदेशही दरवर्षी मोबाइलवर फिरतात. मुंग्यांना पुढच्या चार महिन्यांची काही कल्पना नसते. पडलेल्या पावसाने त्यांना फक्त बाहेर काढलेले असते.

मीलनानंतर नर थोड्याच वेळात मरतो, म्हणजे म्हण त्याच्यापुरती खरी ठरते. राणीचे आयुष्य मात्र इथून सुरू होते. ती स्वतःचे पंख मोडून टाकते, जमिनीत कोठडी करते आणि अनेक जातींत काही न खाता पहिली पिल्ले वाढवते. उड्डाणाचे निरुपयोगी झालेले स्नायू विरघळून त्यांतूनच हे पोषण मिळते. बहुतेक जातींत ती पुन्हा कधीही मीलन करत नाही. त्या एका दिवशी मिळालेले शुक्राणू तिच्या पोटातील एका लहानशा पिशवीत साठवलेले असतात आणि तिथल्या ग्रंथींच्या स्रावामुळे ते वर्षानुवर्षे टिकतात. युरोपातील काळ्या बागमुंगीची एक राणी बंदिवासात २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. अंडे खाली सरकताना त्या पिशवीतून शुक्राणू सोडले गेले तर सामान्यतः मादी जन्मते, न सोडले तर नर. मादीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, नराच्या पेशीत आईकडून आलेला एकच. त्यामुळे नर मुंगीला बाप नसतो, पण आईचा बाप, म्हणजे आजोबा, असतो! नराला बाप नसल्यामुळे त्याच्या सर्व शुक्राणूंत तोच एक संच जसाच्या तसा जातो, म्हणून एकाच नरापासून झालेल्या बहिणींत बापाकडचा वाटा शंभर टक्के समान आणि आईकडचा सरासरी निम्मा समान असतो; एकूण साम्य पाऊण.

त्याच दिवसांत संध्याकाळी दिव्याभोवती गर्दी करणारे किडे बहुधा मुंग्या नसतातच. ती वाळवी असते आणि तिचे जवळचे नाते झुरळांशी आहे. मुंगीचे पुढचे पंख मोठे व कंबर बारीक असते. वाळवीचे चारही पंख सारखे आणि कंबर जाड. तिच्या उड्डाणालाही इंग्रजीत सर्रास हेच विशेषण लावतात, परंतु तिथे ते चुकते, कारण वाळवीचे मीलन हवेत होतच नाही. जोडी जमिनीवर उतरते, पंख टाकते, नर मादीच्या मागोमाग चालत जातो, दोघे मिळून बीळ कोरतात आणि मीलन आत होते. नर मरतही नाही. राजा म्हणून तो राणीबरोबर राहतो आणि मीलन पुनःपुन्हा घडते. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवरून केरसुणीने गोळा होतात ते पंख बहुतेक यांचेच असतात.