बायकांना लांबचं पळणं झेपत नाही, हे ठरवलं कुणी?

१९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमधे बायकांसाठी पहिल्यांदा ८०० मीटरची रेस ठेवली. फायनलला नऊ जणी पळाल्या, नऊच्या नऊ जणींनी रेस पूर्ण केली, जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदात वर्ल्ड रेकॉर्ड करून पहिली आली आणि दुसरी जपानची किनुए हितोमी. संपल्यावर कुणी धापा टाकत आडवी झाली, जीव तोडून पळाल्यावर पुरुषांचंही तेच होतं. पण पेपरात छापून काय आलं, तर बऱ्याच जणींनी रेस अर्ध्यात सोडली, बाकीच्या कोसळल्या, बायकांच्या शरीराला हे सोसत नाही. मग रेसच बंद केली, ती परत आली थेट १९६० मधे. ३२ वर्षं! आणि मॅरेथॉन तर पुरुषांना १८९६ पासून आहे, बायकांना मिळाली १९८४ मधे.

आता शरीराचं खरं काय ते बघू. फरक आहेच, तो नाकारायचं काही कारण नाही. बायकांचं हृदय सरासरीने लहान, हिमोग्लोबिन कमी, म्हणून स्नायूंपर्यंत ऑक्सिजन कमी पोचतो आणि स्पीड कमी पडतो. २०२३ मधे टिगिस्ट असेफाने बर्लिनला बायकांच्या मॅरेथॉनचा २:११:५३ चा रेकॉर्ड केला, दोनच आठवड्यांनी केल्विन किप्टमने शिकागोला पुरुषांचा २:००:३५ चा. फरक साधारण ९ टक्के. म्हणजे फरक वेगाचा आहे, झेपण्या न झेपण्याचा नाहीच. उलट एकाच तीव्रतेच्या व्यायामात बायकांचं शरीर चरबी जास्त जाळतं, साखरेचा साठा जपून वापरतं, आणि मॅरेथॉनच्या दुसऱ्या हाफमधे त्यांचा पेस पुरुषांइतका पडत नाही. २०१९ मधे ब्रिटनमधली २६८ मैलांची स्पाइन रेस जास्मिन पॅरिसने सगळ्या पुरुषांना मागे टाकून जिंकली, तीही मधल्या चेकपॉइंटवर थांबून बाळासाठी दूध काढून ठेवत. मला तर हे वाचून भरून आलं होतं.

आपल्याकडची ललिता बाबर, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची. २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या रेसची, फायनल पळाली, दहावी आली. ही रेस ऑलिम्पिकमधे बायकांसाठी सुरूच झाली २००८ मधे, तेव्हा ललिता १९ वर्षांची होती! दार उघडल्यावर आठ वर्षांत माणदेशातली पोरगी फायनलला पोचते, मग आधीच्या किती जणी नुसत्याच राहून गेल्या असतील.

पण रेस मिळाली म्हणजे समानता आली असं नाही. स्पोर्ट्स सायन्सचा बराचसा अभ्यास पुरुषांवर झालाय, ट्रेनिंग आणि खाण्याचे हिशोबही त्यातूनच आलेत. पोरगी भरपूर पळते आणि त्या मानाने खात नाही, मग शरीर वाचवावाचवी सुरू करतं, आधी पाळी लांबते, मग बंद होते, हाडं जपणारं इस्ट्रोजेन हार्मोन घटतं, हाडं ठिसूळ होतात आणि पायाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला बारीक तडा. पाळी बंद झाली म्हणजे ट्रेनिंग जोरात चाललंय असं अजूनही काही कोच समजतात, हे फार वाईट आहे. त्यात आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया, हे २०१९-२१ च्या सरकारी पाहणीतच आलंय. त्यामुळे पोरगी ग्राउंडवर दमत असेल तर तिला आळशी ठरवायच्या आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, आणि पाळी सलग तीन महिने आली नसेल तर सरळ डॉक्टरकडे न्या.